बोटाने दाखव, कुठे दुखतं

माझ्या मुलीचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा ती १२ वर्षांची होती. व्हॉलीबॉल मनापासून खेळायची आणि त्या वर्षी तिची उंची भराभर वाढत होती. सुरुवातीला सराव झाला की दुखायचं आणि सकाळपर्यंत थांबायचं. पुढे उडी मारताना दुखायला लागलं, मग जिना चढताना, आणि नंतर गुडघे टेकून बसणं तिने सोडूनच दिलं. वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथे एक टणक उंचवटा आला होता. त्याला नुसता हात लागला तरी ती पाय मागे ओढायची.

वाढत्या मुलांच्या गुडघेदुखीवर आजूबाजूला बहुतेक दोनच सल्ले मिळतात. 'वाढीचं दुखणं आहे, आपोआप जाईल' हा एक आणि 'खेळ बंद करा' हा दुसरा. दोन्ही सल्ले मायेनेच दिलेले असतात, पण देणाऱ्याने बहुधा गुडघा पाहिलेला नसतो. 'वाढीचं दुखणं' म्हणून जे ओळखलं जातं ते साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये दिसतं. संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखतात, पोटऱ्या आणि मांड्या दुखतात, आणि सकाळी मूल काही झालंच नाही असं धावत सुटतं. त्यात सूज नसते, लंगडणं नसतं, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा नसते. माझ्या मुलीला एकाच पायात, एकाच जागी दुखत होतं आणि खेळाबरोबर वाढत होतं. म्हणून आम्ही लहान मुलांची हाडं पाहणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्या डॉक्टरबाईंनी सगळे प्रश्न मुलीला विचारले. मी शेजारी बसले होते, पण पहिला प्रश्न तिच्याकडे बघून आला : "एका बोटाने दाखव, नेमकं कुठे दुखतं?" तिने क्षणाचाही विचार न करता त्या उंचवट्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, "छान. बोटाने दाखवता आलं म्हणजे माझं अर्धं काम तू केलंस. काही मुलं पूर्ण तळहात वाटीवर ठेवतात, त्यांचं दुखणं वेगळं असतं." ते वाक्य पुढे दोन वर्षांनी आम्हाला फार उपयोगी पडलं.

मग प्रश्नांची रांग सुरू झाली. पडलीस का, पाय मुरगळला का, की हळूहळू सुरू झालं? 'कट्' असा आवाज आला होता का? गुडघा कधी फुगला का, आणि फुगला तर किती वेळात? (हे इतकं खोदून का विचारतात ते नंतर समजलं. मार लागल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचल्याची शक्यता असते. आतला लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) तुटणं, वाटी जागेवरून सरकणं किंवा हाड मोडणं यांपैकी काहीतरी झालेलं असू शकतं.) गुडघा मध्येच अडकून बसतो का, सरळच होत नाही असं होतं का? चालताना दगा देतो का? सकाळी उठल्यावर आखडलेला असतो का आणि तो मोकळा व्हायला किती वेळ लागतो? दुसरा कुठला सांधा सुजतो का? रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते का? ताप, वजन कमी होणं, थकवा? आठवड्यातून किती दिवस खेळतेस, गेल्या काही महिन्यांत सराव वाढला का? पाळी सुरू झाली का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चमकले, पण त्यामागेही हिशोब होता. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात, आणि गुडघ्याचं हे दुखणं नेमकं त्याच वेगवान काळात गाठतं.

सराव वाढला होता. मोठ्या वयोगटाच्या संघात निवड झाली होती आणि आठवड्यातले बहुतेक दिवस ती मैदानावर असायची. कोणत्या दिवशी किती खेळली आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, ते तिलाच ठाऊक होतं. मी उत्तरं दिली असती तर 'रोज दुखतं' एवढंच सांगू शकले असते.

तपासणी गुडघ्यापासून सुरू होईल असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनी आधी तिला चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, एका पायावर अर्धवट खाली बसायला सांगितलं. मग पाठीवर झोपवून तिचा खुबा तपासायला घेतला. गुडघा छातीकडे वाकवून पाय आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला, आणि तोही दोन्ही पायांचा. मी विचारलं, "दुखतंय गुडघ्यात, तर खुबा का?"

त्यांनी हातातलं काम थांबवून उत्तर दिलं. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या नसा काही प्रमाणात एकच आहेत. त्यामुळे बिघाड खुब्यात असतो आणि मूल दुखतंय म्हणून गुडघा दाखवतं. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग ग्रोथ प्लेटवरून (हाड जिथून वाढतं त्या थरावरून) घसरण्याचा एक आजार होतो. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये तो अधिक दिसतो, पण सडपातळ मुलांनाही होऊ शकतो. मूल लंगडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून चालतं, मांडीत नाहीतर गुडघ्यात दुखतं म्हणतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तो स्वच्छ निघतो आणि सगळे निश्चिंत होतात. तोवर खुब्यातलं हाड आणखी घसरत राहतं. तपासताना खुबा वाकवला की पाय आपोआप बाहेर वळतो, आत फिरवला की दुखतो. ही त्याची खूण. अशी शंका आली की मुलाला चालूही न देता त्याच दिवशी खुब्याचे एक्स-रे काढून दाखल करतात आणि स्क्रू घालून हाड आहे तिथे स्थिर करतात. उशीर झाला तर गोलाचा रक्तपुरवठा तुटून सांधा कायमचा बिघडू शकतो.

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज शांत होता. माझ्या मनात मात्र एवढंच आलं, की पायाचं हे दहा-पंधरा सेकंदांचं फिरवणं किती घरांना ठाऊक असेल? आजही कोणी आई-बाबा मुलाच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागले की मी पहिल्यांदा हेच विचारते : खुबा बघितला का?

माझ्या मुलीचा खुबा मोकळा फिरत होता. मग डॉक्टर गुडघ्याकडे वळल्या. सांध्यात पाणी नव्हतं. वाटी बाजूला ढकलून पाहिली, तरी ती घाबरली नाही. वाटी कधी सरकलेली असेल तर मूल तेवढ्या स्पर्शानेही हात धरतं. लिगामेंट घट्ट होते. पाय सरळ ठेवून वर उचलता येत होता. याला फार महत्त्व आहे, कारण उडी मारताना हाडाचा तो उंचवटाच निखळून तुटला असता तर पाय असा उचलता आला नसता. मग त्यांनी गुडघा वाकवून तिला पाय पुढे ढकलायला सांगितलं आणि हाताने अडवून धरला. तेव्हा दुखलं, आणि नेमकं त्या बोटभर जागेतच दुखलं. पालथं झोपवून टाच नितंबाकडे नेली तर दुखऱ्या बाजूची टाच बरीच अलीकडे थांबली, मांडीचा पुढचा स्नायू ताठ झाला होता.

निदान तिथेच झालं : ऑसगुड-श्लॅटर. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून मुलीला समजावलं. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू वाटीला धरून असतो, आणि वाटीच्या खालून एक जाड टेंडन (दोरासारखा चिवट पट्टा) नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यात जाऊन रुततो. मोठ्या माणसात तो उंचवटा पक्क्या हाडाचा असतो. वाढत्या मुलात मात्र त्याच्याखाली अजून कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक हाड असते, आणि ती टेंडनपेक्षा नाजूक असते. धावणं, उडी मारणं, झटकन थांबणं या प्रत्येक क्रियेत तो स्नायू तिला खेचतो. ओढ सोसून सावरायला जितका वेळ लागतो त्याच्या आधीच पुढची ओढ बसली की तिथे सूज येते, दुखायला लागतं, आणि शरीर त्या जागी नवं हाड घालतं. मुलींना हे थोडं लवकर, साधारण ८ ते १३ या वयात गाठतं. मुलांना १० ते १५ च्या दरम्यान.

"म्हणजे माझं हाड तुटतंय?" मुलीने विचारलं.

"नाही. ते खेचलं जातंय आणि तक्रार करतंय. वाढ पूर्ण झाली की तो भाग पक्का होईल, मग तक्रार थांबेल. उंचवटा मात्र बहुतेक राहील."

उंचवटा राहील, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. नाहीतर पुढे दुखणं कमी झाल्यावरही आम्ही तो रोज दाबून 'अजून गेला नाही' म्हणत बसलो असतो.

एक्स-रेबद्दलही त्यांचं बोलणं मला पटलं. ठरावीक वय, दोन्ही गुडघ्यांत ठरावीक जागी दुखणं, बाकी काही नाही, अशा वेळी एक्स-रेने फारसं काही हाती लागत नाही. वाढत्या मुलांत तो उंचवटा तुकड्या-तुकड्यांचा दिसणं निरोगी गुडघ्यातही असू शकतं. पण हिचं दुखणं एकाच बाजूला होतं आणि जागा टणक होती. हाडाची गाठ किंवा दुसरं काही नाही याची खात्री करायला त्यांनी समोरून आणि बाजूने असे दोन साधे एक्स-रे काढायला सांगितले. एकतर्फी दुखणं असलं की त्या थोड्या जास्त सावध असतात, असं म्हणाल्या. किशोरवयात हाडाचा कर्करोग दुर्मीळ असतो, पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपासच होतो, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. खेळाशी संबंध नसलेलं, दिवसेंदिवस वाढणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर एक्स-रे लांबवायचा नाही.

एमआरआय मीच विचारला होता. शंका उरू नये म्हणून सगळं करून टाकावं असं कुठल्याही आईला वाटतं. त्यांनी नकार दिला आणि कारणही सांगितलं. गुडघा अडकत नाही, फुगत नाही, त्यामुळे आत शोधण्यासारखं काही नाही. गुडघा अडकत असता किंवा परत परत फुगत असता तर वेगळं. मांडीच्या हाडाच्या टोकावरचा कूर्चेसह एक तुकडा सैल होण्याचा आजार याच वयात होतो, आणि काही मुलांमध्ये गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या गादीचा (मेनिस्कसचा) आकारच जन्मतः वेगळा असतो, त्यासाठी एमआरआय लागतो. कारण नसताना काढलेल्या एमआरआयमध्ये वाढत्या गुडघ्यातल्या निरुपद्रवी गोष्टीही दिसतात आणि त्यांची नावं वाचून मूल खेळायलाच घाबरतं.

उपचार म्हणजे औषध असेल अशी आमची तयारी होती. गोळ्यांचा भाग अगदी छोटा निघाला. फारच दुखलं तर वजनाप्रमाणे साधं वेदनाशामक, तेही थोडे दिवस. खेळण्याआधी गोळी घेऊन दुखणं झाकायचं अजिबात नाही. सरावानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. टेंडनजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन नाही, त्याने टेंडन कमजोर होण्याचा धोका असतो. पूर्वी असे पाय प्लास्टरमध्ये घालत; आता ते टाळतात, कारण बांधून ठेवलेला स्नायू आणखी दुबळा होतो आणि मूल मैदानावर परतलं की पहिल्याच आठवड्यात पुन्हा तिथेच. शस्त्रक्रियेचा विचार फार थोड्या जणांसाठी करतात, आणि तोही शक्यतो वाढ पूर्ण झाल्यावर, आत हाडाचा सुटा तुकडा राहून टोचत असेल तर.

खरा उपचार होता भार मोजून देण्याचा. फिजिओथेरपिस्टने मुलीला एक वही करायला सांगितली. रोज तीन आकडे लिहायचे : खेळताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती, संध्याकाळी किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. दोनपर्यंत असेल तर चालू ठेवायचं. तीन ते पाचच्या मध्ये असेल तर त्या दिवशी उड्या आणि धावणं कमी करायचं. त्याच्या वर गेलं तर थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा सकाळचा. रात्रभरात दुखणं मूळ जागी आलं नाही, तर कालचा भार जास्त झाला. एवढ्या साध्या नियमाने आमच्या घरातला वाद संपला. 'दुखतंय तर जाऊ नको' आणि 'मला काही होत नाहीये' या रोजच्या ओढाताणीच्या जागी वहीतला आकडा आला, आणि तो तिने स्वतः लिहिलेला असे.

पहिले चार आठवडे उड्या, वेगाने धावणं, गुडघे टेकणं बंद. चालणं आणि दुखत नसेल तर सायकल चालू. व्यायाम दोनच होते. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा आणि ३० सेकंद तसाच धरून ठेवायचा, असं दहा वेळा. दुसरा, पाठीवर झोपून कंबर उचलायचा. ती कंटाळली. शरीर दणकट, दम भरपूर, आणि व्यायाम असा की घामही येत नाही. फिजिओथेरपिस्टने तिला समजावलं की स्नायूला काम द्यायचंय, पण त्या उंचवट्याला झटका द्यायचा नाही. जागच्या जागी आवळलेला स्नायू दोन्ही साधतो. पाचव्या आठवड्यापासून भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसणं आलं, मग पाऊल पुढे टाकून खाली जाणं. त्यानंतर मैदानाच्या पायऱ्या : सावकाश धावणं, मग जोरात, मग वळणं आणि थांबणं, मग दोन्ही पायांवर उडी, आणि सगळ्यात शेवटी एका पायावर उतरणं. एका पायरीवर सकाळचे आकडे स्थिर राहिले की पुढची.

ही पद्धत हवेतून आलेली नाही. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांवर अशाच १२ आठवड्यांच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी बरं वाटतंय असं सांगितलं, पण आपल्या खेळात परतलेली मुलं त्या वेळी फक्त १६ टक्के होती. वर्षभरानंतर ती ६९ टक्क्यांवर गेली. फिजिओथेरपिस्टने हे आकडे आम्हाला सुरुवातीलाच सांगितले. बरं वाटणं आणि पूर्ण ताकदीने खेळणं यांत काही महिन्यांचं अंतर असतं हे आधी कळल्यामुळे तिसऱ्या महिन्यात आमचा धीर सुटला नाही. त्या टप्प्यावर बरीच मुलं 'आता दुखत नाही' म्हणत थेट स्पर्धेत उतरतात, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते सहज पटतं.

अवघड गेलं ते वेगळंच. १२ वर्षांच्या मुलीचा संघ म्हणजे तिच्या मैत्रिणी, तिचा दिवस, तिची ओळख. सरावाला न जाण्याच्या पहिल्या आठवड्यात ती कोणाशी धड बोलली नाही. गुडघ्यापेक्षा जागा जाण्याची भीती मोठी होती. एक गोष्ट तिने मला रात्री दिवे मालवल्यावर सांगितली : निदान व्हायच्या आधी कितीतरी दिवस ती दुखणं लपवत होती, कारण सांगितलं की खेळ सुटणार, हे तिला माहीत होतं. आपण मुलांना 'सहन करायला शिक' म्हणतो तेव्हा ती लपवायला शिकतात, आणि लपवलेल्या दुखण्याचं निदान कुठलाही डॉक्टर करू शकत नाही. म्हणून मला वाटतं, दुखणं सांगितल्याची शिक्षा म्हणून खेळ सुटणार नाही एवढी हमी मुलांना घरातून आणि मैदानावरून मिळायला हवी.

प्रशिक्षकांना द्यायला फिजिओथेरपिस्टने चिठ्ठी लिहिली ती मला फार आवडली. काय करायचं नाही ते एका ओळीत होतं. बाकी पूर्ण पान ती काय करू शकते याचं होतं. उभ्याने सर्व्हिस, बसून पासिंग, खांद्याचे आणि पोटाचे व्यायाम, सामन्यात गुणलेखन, आणि संघाबरोबर वॉर्म-अपमधला जमेल तेवढा भाग. प्रशिक्षकांनी ते मनावर घेतलं. ती रोज मैदानावर गेली, फक्त वेगळं काम केलं. तिची सर्व्हिस त्या काळात सुधारली असं तिच्या मैत्रिणीच सांगतात.

दुखणं सरळ रेषेत कमी झालं नाही. सामन्यांच्या आठवड्यात सकाळचा आकडा चढायचा. उंची परत एकदा वाढली तेव्हा जवळजवळ पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटलं. अशा वेळी एक पायरी मागे जायचं, पूर्ण थांबायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर तिनेच लिहून ठेवलं होतं. वाटीच्या खाली बांधायचा पट्टा खेळताना थोडा आराम देत असे. गुडघ्यावरच्या जाड पॅडने जमिनीवर झेप घेताना उंचवट्याला मार लागणं वाचलं. झोप नीट झाली नाही की दुखणं जास्त जाणवतं हेही वहीतूनच दिसलं, परीक्षांच्या दिवसांत खेळ कमी असूनही आकडे वरचे होते.

दोन वर्षांनी, ती १४ ची असताना, त्याच गुडघ्यात परत दुखायला लागलं. घरात सगळे म्हणाले, तेच परत आलं. ती म्हणाली, "नाही, हे ते नाही." मी तिला विचारलं, बोटाने दाखव. तिने पूर्ण तळहात वाटीवर ठेवला आणि गोल फिरवला. उंचवटा दाबला तरी दुखत नव्हता. जिना उतरताना, खूप वेळ गुडघे वाकवून बसल्यावर, उकिडवं बसताना दुखत होतं. डॉक्टरांनी परत सगळी तपासणी केली, खुबाही परत फिरवून पाहिला, आणि सांगितलं की हे वाटीच्या मागचं आणि भोवतीचं दुखणं आहे. या वयातल्या मुलींमध्ये फार आढळतं. एक्स-रे या वेळी काढलाच नाही.

या दुखण्यात एका जागी बोट ठेवून 'इथे बिघाड आहे' असं म्हणता येत नाही, आणि मुलांना तेच सगळ्यात जड जातं. एका ओळखीच्या गृहस्थांनी तिला 'वाटी घासली असेल' असं सांगितल्यापासून ती जिना टाळायला लागली होती. डॉक्टरांनी आधी ती भीती काढली. वाटी घासलेली नाही, सांधा शाबूत आहे, वाटीवर येणारा भार आणि तो पेलणाऱ्या स्नायूंची ताकद यांचा मेळ बिघडलाय. एका पायावर खाली बसताना तिचा गुडघा आतल्या बाजूला झुकत होता, ते त्यांनी तिला आरशात दाखवलं. त्यामुळे या वेळचे व्यायाम मांडीबरोबर खुब्याच्या स्नायूंचेही होते : कुशीवर झोपून पाय उचलणं, रबरी पट्टा लावून बाजूला चालणं, पायरीवरून सावकाश उतरणं. सुरुवातीला वाटीला टेप लावला, तेवढ्याने व्यायाम सुसह्य झाले. बूट बदलण्याचा किंवा आत गादी घालण्याचा उपयोग काहींना थोड्या काळासाठी होतो असं सांगितलं, आम्हाला त्याची गरज पडली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑसगुड-श्लॅटर बहुतेकांचं वाढ पूर्ण झाल्यावर शमतं. वाटीभोवतीचं दुखणं मात्र 'वय वाढेल तसं जाईल' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दुर्लक्ष केलेल्या अनेक मुलांमध्ये ते वर्षानुवर्षं रेंगाळतं आणि त्यातली बरीच मुलं खेळच सोडतात. व्यायाम सुरू केल्यावर दोन आठवड्यांत फरक दिसेल अशी अपेक्षाही धरू नये. आमच्याकडे ऋतू बदलले तेव्हा ती जिना बिनधास्त उतरायला लागली.

आज ती खेळते. उंचवटा आहे, कठीण जमिनीवर गुडघे टेकले की टोचतो. आठवड्यातला एक पूर्ण दिवस खेळाला सुट्टी असते आणि खुब्याचे व्यायाम वॉर्म-अपमध्ये मिसळून गेले आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक चिठ्ठी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहे, यांपैकी काही झालं तर वाट न बघता यायचं म्हणून : लंगडणं, चार पावलंही टाकता न येणं, गुडघा फुगणं किंवा अडकणं, ताप येऊन सांधा लाल आणि गरम होणं, रात्री दुखण्याने जाग येणं, सकाळचा आखडलेपणा आठवड्यांमागून आठवडे टिकणं. ताप आणि गरम सुजलेला सांधा असेल तर ते काही तासांचं काम आहे, सांध्यातला जंतुसंसर्ग कूर्चा फार वेगाने खातो. बराच काळ सुजलेला सांधा आणि सकाळचा आखडलेपणा असेल तर मुलांमधला संधिवात बघावा लागतो, आणि त्यात डोळ्यांचीही तपासणी करतात, कारण डोळ्यांतली सूज मुलाला काही न जाणवता वाढत असते.

पहिल्यांदा दाखवायला जाणाऱ्यांना मी काही बारीक गोष्टी सांगते. मुलाला सैल हाफ पँट घालून न्या, दोन्ही पाय मांडीपर्यंत दिसले पाहिजेत. आठ-दहा दिवसांच्या खेळाची आणि दुखण्याची साधी नोंद मुलाच्या हातची असू द्या. रोजचे खेळायचे बूट बरोबर ठेवा. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आधी मुलाला बोलू द्या. आपल्याला जे ठाऊक आहे ते नंतर सांगता येतं. आणि खुबा न तपासता कोणी नुसता गुडघा बघून कागद लिहायला घेतला, तर नम्रपणे पण तिथल्या तिथे म्हणा, "एकदा खुबाही बघता का?"